हंगामाची बाकी

परतूर, ता. १७ जानेवारी १९३५

तीर्थरूप रामरावदादास रखमाजीचा दंडवत.

मी परतूरला पोचलो. कारखान्याच्या मागंच एक खोली मिळाली हाये. सोनूबाईला अजून अशक्तपणा हाये, म्हणून तिला तिच्या भावाकडंच ठेवलं. महिन्याभरानं आणीन.

परवा जालन्याच्या टेसनावर तुम्ही मला पाहिलंत. मी हात वर केला आन तुम्ही पाठ फिरवून मालधक्क्याकडं गेलात. रुईच्या गाठी मोजायच्या राह्यल्या असतील, असं मी मनाला सांगितलं. गाडी सुटल्यावर ध्यानात आलं, मंगळवारी आपल्या गाठी लागतच न्हाईत.

काकासाहेबांच्या जिनिंगच्या कचेरीत बोलणं झालं तेव्हा तुम्ही गादीवर बसून लिहीत होतात. मान वर केली न्हाई. मुनीम हे मालकाचे असतात, हे मला कळतं. पण भाऊ म्हणून माझी बाजू तुम्ही ऐकलेली न्हाई, म्हणून लिहून राह्यलो.

मी आत आलो आन म्हणलं, "काकासाहेब, मी आजपासून काम सोडतो. माझी बाकी देऊन टाका."

"कुठं चालला?"

"परतूरला."

ते हसले. "गयासोद्दीनच्या जिनिंगात? मंग बाकीचं नाव काढू नको. भर हंगामात फिटर पळून जातो आन वर पैसे मागतो!"

"पळून कुठं जातो? तोंडावर सांगून चाललोय. आन काम करून झालेल्या दिवसांचेच पैसे मागतोय."

"बाकी कशासाठी ठेवतात, ठावं न्हाई का तुला? माणूस हंगामभर टिकावा म्हणून."

मी मच्छिंद्र फिटरचं नाव घेतलं. दोन वर्षांमागं तोबी मधातच गेल्ता आन त्याला पै न पै मिळाली. तर म्हणले, "तो बाप मेला म्हणून घरी गेल्ता. तू माझ्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवणाऱ्याकडं चाललास."

दादा, बावीस रुपये पगार. त्यातले दहा दर महिन्याला हातात, बारा त्यांच्याकडं ठेव. सप्टेंबरापासून साडेचार महिने झाले. चौपन्न हाली, निजामी शिक्क्याचे रुपये होतात. मी मधात सोडलं तर ते बुडतील, असं कुणी मला कधी सांगितलं न्हाई आन कागदावरबी न्हाई. असलं तर दाखवा.

तुम्ही आठ वर्षांमागं माझ्यासाठी जामीन राह्यलात. तुमच्या शब्दाला बट्टा लागावा असं मी काही केलं न्हाई. जाताना सगळी हत्यारं मोजून इंजनवाल्या मुनीरच्या ताब्यात दिली. सगळ्या मशीनी बराबर होत्या.

चौपन्न रुपये कुणा येणाऱ्याबरोबर धाडून द्या, एवढंच मागणं. वहिनींना नमस्कार.

रखमाजी


परतूर, ता. २६ जानेवारी १९३५

दादा,

तुमचं कार्ड मिळालं. चारच ओळी, त्यात माझी खुशालीबी विचारलेली न्हाई.

झुंबरबाईचं वाचलं. अठरा तारखेला पाच नंबरच्या मशीनीचा पट्टा तुटून उडाला आन तिच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली, एवढंच तुम्ही लिहिलं. ती आता कशी हाये, दवाखान्यात हाये का घरी, हात राहील का, काही न्हाई. कपाशी घालायला ती त्या मशीनीवर माझ्या आधीपासून बसती. मला 'फिटरसाहेब' म्हणून चिडवायची.

मंग तुमची तिसरी ओळ. काकासाहेब म्हणतात की मशीन नादुरुस्त ठेवून गेलो, म्हणून माझी बाकी झुंबरबाईच्या औषधपाण्याला लागंल. तुम्ही असं कसं लिहू शकलात दादा?

दुरुस्तीची वही तुमच्याच कपाटात असती. काढा आन पाहा. दोन जानेवारी, 'पाच नंबरचा पट्टा चिरला, नवा मागवावा.' नऊ जानेवारी, पुन्हा तेच. सांगितलं मी, लिहिलं तुम्ही. तुमचं अक्षर हाये. दोन्ही वेळा काकासाहेब म्हणले, "एवढा हंगाम काढील तो." नव्या पट्ट्याचा खर्चा वाचवला त्यांनी आन औषधाचा खर्चा माझ्या पगारातून? हे कोणत्या गावचं?

काकासाहेब म्हणतात मी परतूरची उचल घेतली, तेबी खरं हाये. ते त्यांना कुठून कळलं कोण जाणे. गयासोद्दीन सेठकडून मी डिसेंबरातच चाळीस रुपये घेतले. तुम्हाला सांगितलं न्हाई, कारण तुम्ही अडवलं असतं.

पण मला हेबी विचारा, मी का घेतले. सोनूबाईला मुदतीचा ताप आल्ता. एकविसावा दिवस होता. मी काकासाहेबांकडं माझ्याच बाकीतले वीस रुपये मागितले. माझेच. ते म्हणले, "बाकी फाल्गुनात." तुम्ही तिथंच होतात. वहिनींनी रोज पेज करून पाठवली, ते मी जलमभर विसरणार न्हाई. पण डॉक्टर पेज घेत न्हाई. त्याच आठवड्यात परतूरचा माणूस आला, महिना तीस रुपये आन सगळे हातात देतो म्हणला. मी हो म्हणलं.

हे लपवलं, ते चुकलं. पण उचल दुसऱ्याकडून घेतली म्हणून इकडं केलेलं काम फुकट होतं का?

शेवटी तुम्ही विचारलं, 'पट्ट्यावरची फळी कुणी काढली होती?' पट्टा उडून कुणाला लागू नये म्हणून असती ती फळी, तिचं आता मी काय सांगू? सरकी अडकली की बायाबी फळी सरकवतात. मी पंधराला निघालो, पट्टा अठराला तुटला. मधात तीन दिवस गेले. तिथं काय काय झालं ते मला इथं बसून कसं कळावं?

झुंबरबाईचं मातर जल्दी कळवा.

रखमाजी


परतूर, ता. ४ फेब्रुवारी १९३५

दादा,

तुमचं उत्तर न्हाई. काल रविवारी मुनीर आल्ता, त्याच्याकडून कळलं ते कळलं. झुंबरबाई मस्तगडला घरी आली. जखम भरून राह्यली, पण उरलेली दोन बोटं वळत न्हाईत.

मुनीरनं दुसरंबी सांगितलं. काकासाहेबांनी तुम्हाला दुरुस्तीच्या वहीतलं ते पान काढून टाकायला सांगितलं म्हणे. मी विचारलं, "मंग दादा काय म्हणले?"

मुनीर म्हणला, "तेरा दादा कुछ बोलताच नै. वही उठाया, कपाट में डाला, चावी कमरेला लावली. बस. सेठ रोज पूछते, ये रोज सुनते."

मला खरं सांगा दादा. पान हाये का गेलं?

कारण इथं मी कात्रीत सापडलोय. गयासोद्दीन सेठनं शनिवारी मला बोलावलं. समोर उर्दूतला अर्ज ठेवलेला, वकिलाकडून लिहून आणलेला. सरकारात द्यायचा. मला म्हणले, "देखो रखमाजी, तुम्हारे चौपन्न रुपये मैं देता. उसकी फिकर बिलकुल छोडो. इस पे दस्तखत कर दो."

मी वाचून दाखवा म्हणलं. त्यात लिहिलंय की काकासाहेबांनी सांगूनबी पट्टा बदलला न्हाई. ते खरं हाये. पुढं लिहिलंय की त्या कारखान्यात पट्ट्यावर फळ्या कधी बसवलेल्याच न्हाईत, बायांच्या जिवाशी खेळ चाललाय, म्हणून कारखाना बंद करावा.

मी म्हणलं, "सेठ, फळ्या होत्या. मीच बसवलेल्या."

"थे तो थे. उस दिन नही थी ना? फिर?"

"कारखाना बंद झाला तर तिथल्या बाया कुठं जातील?"

"यहां आयेंगे. और कपास भी यहां आयेगा." हे म्हणताना ते हसलेबी न्हाईत. साधं बाजारभाव सांगावा तसं म्हणले.

मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. ती आज संपली. आता शुक्रवारपर्यंत थांबतो म्हणले, त्याच्यापुढं न्हाई. चाळीस रुपये त्यांचे माझ्या डोक्यावर हायेत आन माझे चौपन्न काकासाहेबांच्या तिजोरीत. दोघं सेठ मला दोन बाजूंनी ओढून राह्यले आन दोघांनाबी झुंबरबाईच्या हाताशी काही देणंघेणं न्हाई.

एकदा वाटतं, सही करून मोकळं व्हावं. काकासाहेबांना कळू द्या बाकी ठेवून घेणं काय असतं ते. मंग तुमचं ध्यानात येतं. कारखाना बंद झाला तर तुमची चौदा वर्षांची गादी गेली.

आन दुसरंबी एक हाये, ज्याच्यानं सही होत न्हाई. ते आज लिहवत न्हाई.

रखमाजी


परतूर, ता. ९ फेब्रुवारी १९३५

दादा,

काल मी सही केली न्हाई. आता जे लिहितो ते वाचून मला शिव्या द्या, पण वाचा.

फळी मी काढली.

पंधरा तारखेला सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मी पाच नंबरचा पट्टा पाहायला म्हणून तिच्यावरची फळी काढली. चीर बोटभर वाढलेली होती. फळी भिंतीला टेकवून ठेवली आन काकासाहेबांना पट्ट्याचं शेवटचं सांगावं, बाकीचंबी बोलावं, म्हणून कचेरीत आलो. पट्ट्याचं राह्यलंच. पैशावरून सुरू झालं ते पैशावरच संपलं. बाहेर निघालो तेव्हा कानशिलं तापलेली होती. हत्यारं मोजून दिली, मुनीरला राम राम केला आन मशीनींच्या रांगेतून चाललो. पाच नंबरपाशी फळी तशीच टेकलेली दिसली.

विसरलो असं म्हणता आलं असतं. पण विसरलो न्हाई. दिसली. चार बोल्टांचं काम होतं. मी तिच्याकडं पाहिलं, मनात म्हणलं, आता त्यांचं ते पाहतील, माझा पगार ठेवून घेतात काय! आन पुढं गेलो. झुंबरबाई त्या वक्ताला डोक्याला फडकं बांधून राह्यलती. तिनं विचारलं, "फिटरसाहेब, आज इतक्या घाईत?" मी तसाच फाटकाबाहेर पडलो.

पहिल्या पत्रात मी तुम्हाला मशीनी बराबर होत्या असं लिहिलं. ते खोटं होतं. दुसऱ्यात बायांवर ढकललं. ते त्याहून वाईट होतं.

आता माझा पगार. तुम्ही म्हणाल, एवढं केल्यावर कोणत्या तोंडानं मागतोस. पण मी मागणार हाये दादा, आन पुरा मागणार हाये. त्याचं कारण ऐका. ते चौपन्न रुपये साडेचार महिन्यांच्या कामाचे हायेत. फळी ही माझी चूक हाये, पण पट्टा ही त्यांची. माझी बाकी दवाखान्यात भरून काकासाहेब हात झटकून मोकळे होतील आन गावात सांगतील, पाहा, आमच्या बाईसाठी आम्ही किती केलं. माझ्या पैशानं त्यांचा हिस्सा फिटायचा न्हाई.

माझे पैसे माझ्या हातात द्यावेत, पावतीवर सही घ्यावी. तिचं काय देणं लागतो, ते मग मी माझं पाहीन. त्यांनी त्यांचं पाहावं.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं येतो. सेठला रजा मागितली तर म्हणले, "जाओ, मगर सोच के बोलना, नोकरी यहां है." तुमच्या घरी उतरणार न्हाई. थेट कचेरीत येईन. मी फळीचं सगळ्यांसमोर सांगणार हाये. वही उघडायची का न्हाई, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तुम्हाला वही काढा असं म्हणणार न्हाई, एवढा शब्द देतो.

रखमाजी


परतूर, ता. ३ मार्च १९३५

तीर्थरूप दादास दंडवत.

हे पत्र हसनाबादच्या पत्त्यावर धाडतो. तुम्ही वहिनींना घेऊन गावी गेलात, असं मुनीरकडून कळलं.

गुरुवारचं तुमच्यासमोरच झालं, पण त्याच्यावर आपण एक शब्द बोललो न्हाई, म्हणून मला ते उगाळत बसावं लागतं. मी फळीचं सांगितलं तेव्हा काकासाहेब खुर्चीत मागं रेलले. "झालं तर मंग! स्वतःच्या तोंडानं कबूल केलंस. आता कसली बाकी?" मी म्हणलं, "बाकी कामाची. चुकीचा हिशेब वेगळा करा." ते म्हणले, "तू ते पैसे तिलाच देणार ना? मंग मी दिले काय आन तू दिले काय." मी म्हणलं, "तुम्ही दिलेत तर पट्ट्याचं कोण देईल?"

"कोणता पट्टा?" असं त्यांनी विचारलं. तुमच्याकडं पाहत विचारलं.

मला वाटलं होतं, तुम्ही खालीच पाहाल. दादा, तुम्ही कमरेची चावी काढलीत, कपाट उघडलंत, वही आणलीत आन उभ्यानंच वाचलीत. दोन जानेवारी. नऊ जानेवारी. शाळेत मला पाढे म्हणून दाखवायचात ना, तस्साच आवाज. बाहेर हमाल उभे होते, रुईचे दोन दलाल बसलेले होते, सगळ्यांनी ऐकलं. काकासाहेब म्हणले, "रामराव, वही ठेवा." तुम्ही म्हणलात, "ठेवतो. पान मातर गेलेलं न्हाई, ते सांगितलं."

मंग चौपन्न रुपये मोजले गेले. झुंबरबाईच्या औषधाचा खर्चा आन हंगाम संपेपर्यंत अर्धा रोज कारखाना देईल, एवढं त्यांनी दलालांसमोर कबूल केलं. फार न्हाई दिलं. पण माझ्या खिशातून न्हाई दिलं. तुम्ही माझी सही घेतलीत, वाळू टाकून शाई सुकवलीत, चाव्यांचा जुडगा गादीवर ठेवलात आन मागच्या दारानं निघून गेलात. तुम्हाला कुणी जा म्हणलं नव्हतं. मी मागं धावलो, पण पेठेच्या गर्दीत तुम्ही दिसला न्हाईत. घरी गेलो तर वहिनी दारातच म्हणल्या, "आज नको भाऊजी."

तिथून मी मस्तगडला गेलो. ते तुम्हाला ठाऊक न्हाई, म्हणून लिहितो.

झुंबरबाई ओट्यावर बसून एका हातानं तूर निवडत होती. डावा हात पदराखाली. मला पाहून बस म्हणली न्हाई, जा म्हणली न्हाई. मी उभाच राह्यलो.

"पट्टा चिरल्याचं माहीत होतं तुला?"

"होतं."

"आन फळी?"

"मीच काढली. जाताना दिसली, पण बसवली न्हाई."

"कामून?"

"रागात होतो."

"माझ्यावर?"

"न्हाई."

"मंग हात माझा कामून गेला?"

  मी चौपन्न रुपयांचा रुमाल सोडून तिच्यापुढं ठेवला. तिनं विचारलं, "ह्यात काकासाहेबांचे किती?" म्हणलं, "एकबी न्हाई. त्यांचं ते वेगळं देतील." तिनं तुरीचं सूप बाजूला सारलं आन उजव्या हातानं एकेक रुपया मोजला. मधात दोनदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मी मदतीला वाकलो तर म्हणली, "राहू दे, मला येतं."

मोजून झाल्यावर म्हणली, "घेते. हे माझ्या हाताचे हायेत. पण झुंबरबाईनं माफ केलं, असं कुठं सांगत फिरू नको. मी तसं म्हणले न्हाई."

मी हो म्हणलं आन निघालो.

इथलं ठीक चाललंय. अर्जावर सही केली न्हाई म्हणून सेठनं पगार तिसाचा पंचवीस केला आन उचल महिन्याला दहानं कापून घेतात. मला काढलं न्हाई, कारण हंगामात दुसरा फिटर कुठून आणतील. सोनूबाई आली. तिला सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती भाकरी वाढताना म्हणली, "दादांना लिहा."

तर लिहिलं. तुमची चौदा वर्षांची नोकरी माझ्यापायी गेली. मी तुमच्या पाठीमागं उचल घेतली, तुम्हाला खोटं लिहिलं, तुमचा जामीन बुडवला. ते सगळं मिटवा असं मी मागत न्हाई. तुम्ही वही उघडलीत ती माझ्यासाठी का खऱ्यासाठी, हेबी विचारत न्हाई.

आईचे गुडघे कसे हायेत, तेवढं एका कार्डावर कळवा. दुसरं काही लिहिलं न्हाई तरी चालंल.

तुमचा
रखमाजी